अठ्ठावीस डिग्री

सत्यभामाबाई गेल्या तेव्हा अर्जुनरावांच्या पदरात तीन गोष्टी पडण्यासारख्या होत्या. त्यांतल्या दोन त्यांनी मातीहून परत येऊन, हातपाय धुऊन ओट्यावर टेकेपर्यंत मनातल्या मनात जोखूनही ठेवल्या होत्या.

पहिली म्हणजे इमारत. बोरजाईच्या दूध संस्थेला नवी इमारत हवी होती. अर्जुनरावांचा मुलगा गहिनीनाथ आता संस्थेचा चेअरमन होता. गावातल्या पहिल्या पदवीधर बाईचं, त्यातून संस्थेच्या पहिल्या सचिवाचं नाव इमारतीला देतो म्हटलं, की निधीचा कागद बीडच्या टेबलावरून जरा लवकर हलतो. दुसरी म्हणजे छापील पान. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका निघायची होती आणि तिच्यात गेलेल्यांच्या आठवणींचं एक सदर असायचं. आठवणीखाली लिहिणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोटो. जुन्या मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या माणसाला सत्तरीनंतर विद्यापीठाच्या पुस्तकात बसायला मिळतंय, ही काही थोडकी गोष्ट नव्हती.

तिसरी गोष्ट त्यांनी मुद्दाम जोखली नव्हती. शहाऐंशीच्या दुष्काळात संस्थेच्या नोंदवहीत तीन दिवस जे अठ्ठावीस लिहिलं गेलं, ते कुणाच्या हातचं, हे जाणणारं एकच माणूस होतं आणि ते आता गेलं. निदान अर्जुनराव तसं धरून होते.

पानाची गोष्ट फोनवर ठरली. फोन केजहून होता, मनकर्णाबाईंचा. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, औरंगाबादच्या वसतिगृहात सत्यभामाबाईंच्या खोलीतल्या सोबतीण आणि त्या सदराच्या संपादक. आवाज अजून वर्गावर असल्यासारखा.

"तुम्ही संस्थेचे जुने चेअरमन ना? मग तुम्हीच लिहा. तीनशे शब्द. आधी एक सांगा, सत्याची डिग्री काय होती?"

"अठ्ठावीस," अर्जुनराव म्हणाले. "कधी साडेअठ्ठावीस. त्याच्या खाली बाईनं कुणाचं घेतलंच न्हाई."

"अहो, मी पदवी विचारतेय."

चूक अर्जुनरावांची नव्हती, बोरजाईची होती. दुधात काच, म्हणजे लॅक्टोमीटर, सोडायची, ती किती वर तरंगते ते बघायचं, आणि जो आकडा येईल ती दुधाची डिग्री. पाणी जास्त, तर काच खाली बसते आणि डिग्री उतरते. या गावात डिग्री म्हणजे एवढंच. सत्यभामा चौऱ्याहत्तरला रसायनशास्त्राची पदवी घेऊन चौसाळ्याला एसटीतून उतरली आणि पुढे संस्था निघाल्यावर तिच्या हाती ती काच आली, तेव्हा गावाने दोन्ही डिग्र्यांची एकच मोळी बांधली आणि तिचं नाव डिग्रीबाई ठेवलं. ती काचही तिची स्वतःची होती, औरंगाबादेहून आणलेली. शिक्षणाचं म्हणून गावाला दाखवण्यासारखं तिच्यापाशी तेवढंच होतं. आकडेही ती प्रयोगशाळेच्या सवयीने इंग्रजीत टाकायची. म्हाताऱ्यांनी त्यावरून कुरकुर केली, तर म्हणायची, "वाचता येत नसेल तर विचारा. सांगायला मी बसलेच आहे."

"बीएस्सी," अर्जुनराव सावरून म्हणाले. "फर्स्ट क्लास."

"ते मला माहीत आहे हो, तुम्हाला माहीत आहे का बघत होते." मनकर्णाबाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "दुसरं मात्र मला खरंच माहीत नाही. शहाऐंशीला तिची सरकारी प्रयोगशाळेत निवड झाली होती. खोली बघून ठेव म्हणून मला पत्र आलं. मी खोली बघितली, एक महिन्याचं आगाऊ भाडं भरलं. मग ती आलीच नाही, आणि पत्रही नाही. मी सहा पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. का आली नाही ती? लेखात तेवढं येऊ द्या. बाकी सगळ्यांचं सारखंच असतं, मनमिळाऊ आणि कष्टाळू."

अर्जुनराव हो म्हणाले. फोनवर हो म्हणायला काही लागत नाही.

त्यांनी पहिलं वाक्य त्याच दुपारी लिहिलं: 'काही अपरिहार्य कारणास्तव त्यांना सदर नोकरी स्वीकारता आली नाही.' अपरिहार्य हा शब्द संस्थेच्या वीस अहवालांत त्यांनी वापरला होता. गाडी का आली नाही, सभा का झाली नाही, बोनस का वाटला नाही, सगळ्याला तो पुरला होता. बाईंच्या आयुष्यालाही पुरला असता. पण वाक्य लिहून झालं आणि पेन हलेना.

अपरिहार्य काय होतं, तर पंधरा दिवसांवर आलेली संचालक मंडळाची निवडणूक.

त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या होत्या आणि गावाला दिवसाआड टँकर होता. म्हशी हाडांवर आल्या होत्या, कडबा सोन्यासारखा जपून टाकत होते, आणि संस्थेत येणारं दूध रोज वाढत होतं. टँकरचं पाणी फुकट आणि दुधाला भाव. साठ घरांनी यातून जे काढायचं ते काढलं होतं. सत्यभामाबाईंनी पहिलं दूध परत पाठवलं ते चेअरमनच्याच घरचं. विमलबाई, म्हणजे अर्जुनरावांची बायको, भरली चरवी घेऊन रांगेतून उलटी फिरली. अख्ख्या रांगेने पाहिलं.

"बाई, निवडणुकीपुरतं अठ्ठावीस लिहा," अर्जुनराव संध्याकाळी म्हणाले. "लोकं कावल्यात."

"काच उतरली तर मी चढवू कशी, आप्पा?"

"काचेला कोण इचारतंय?"

"मीच विचारते ना रोज. तेवढ्याचाच पगार घेते."

मग तिचे वडील आश्रुबा अंगावरून वारं जाऊन पडले. बहात्तरच्या दुष्काळात याच माणसाने रस्त्याच्या कामावर खडी फोडून लेकीला औरंगाबादला ठेवलं होतं. ती त्यांना घेऊन बीडला दवाखान्यात गेली, तीन दिवस. काच तिच्या पेटीत कुलपात. त्या तीन दिवसांत दूध घ्यायला अर्जुनराव स्वतः बसले आणि प्रत्येकाच्या नावापुढे डोळ्यांनी बघून अठ्ठावीस लिहीत गेले. लोक खुशीत होते. तपासणाऱ्याच्या सहीची जागा तेवढी त्यांनी मोकळी ठेवली. सही करण्याइतके ते कच्चे नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी दूध संघाचा तपासनीस आला. त्याने कॅनमध्ये स्वतःची काच सोडली. एकवीस. त्याच सुमारास पहिल्या एसटीने बाई परतल्या. वडील गेले होते. मागून टेम्पोत त्यांना आणत होते. ती फक्त पेटीची किल्ली कुणाकडे तरी द्यावी म्हणून संस्थेत आली होती.

तपासनीस म्हणाला, "संस्थेनं लबाडी केली असेल तर आजपासून संस्थेचं दूध बंद. सचिवाची चूक असेल तर सचिव बदला. कोणतं लिहू?"

साठ माणसं रांगेत उभी होती. त्या वर्षी घरात रोकड म्हणून जे काही यायचं ते याच दारातून. अर्जुनराव वहीकडे बघत होते. बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुणी बोलेल म्हणून तिने थोडं थांबून घेतलं, हे अर्जुनरावांना अजून आठवत होतं. मग तिने पेन मागितलं आणि तिन्ही दिवसांखाली सही केली. सहीखाली तारीख टाकली.

नोकरीसाठी आधीच्या जागेचा दाखला लागत होता. महिन्याने ती तो मागायला आली. तोवर निवडणूक झाली होती आणि अर्जुनराव पुन्हा चेअरमन होते. फायलीत संघाचा आदेश होता. त्यांनी तो बघून लिहिलं, 'नोंदीत हयगय केल्यामुळे सेवामुक्त.' तिने तो कागद उभ्या उभ्या वाचला.

"तारीख चुकली आहे, आप्पा. सतरा नाही, अठरा," ती म्हणाली. त्यांनी दुरुस्त केली. दोघांत शेवटचं बोलणं ते. पुढे सत्तावीस वर्षं एका गावात राहून त्यांच्यात जे झालं ते रामराम, आणि तेही अर्जुनरावांच्या बाजूने.

लेखासाठी फोटो हवा होता. संस्थेत एकच होता, उद्घाटनाचा, आणि त्यात पाहुण्याच्या गळ्यातल्या हाराने बाईंचा निम्मा चेहरा झाकला होता. म्हणून अर्जुनराव बाईंच्या घरी गेले. किल्ली शेजारच्या सरूबाईकडे होती. सरूबाई ऐंशीच्या घरातली, कानाने तिखट.

घरात बघण्यासारखं फार नव्हतं. एक खाट. एक खुर्ची, एकच. दहावीच्या मुलींना गणित शिकवायच्या तो फळा. पत्र्याच्या नळीत गुंडाळलेलं पदवीचं प्रमाणपत्र, कधीही चौकटीत न गेलेलं. फोटो कुठेच नव्हता. खिडकीत धुऊन पालथी घातलेली उंच बरणी होती आणि तिच्याशेजारी मऊ धडप्यात गुंडाळलेली ती काच.

"ही अजून वापरत होत्या?" अर्जुनरावांनी विचारलं.

"रोज की," सरूबाई म्हणाली. "तुमच्या संस्थेत मशीन आलं, पर मशीनवर इस्वास कुणाचा? लेकराला दूध पाजायचं, नवं दुभतं इकत घ्यायचं, सासूला सुनंवर सौंशय आला, की समदे हितंच. मागल्या दारानं."

"मागल्या?"

"मग काय पुढल्या दारानं येत्यात का, आप्पा? पुढून आलं तर दिसतंय." सरूबाईने पदराने खिडकीची चौकट पुसली. "बाई इचारायची न्हाई कुणाचं हाय. काच सोडायची, बघायची, सांगायची. पानी हाय, न्हाईतर पानी न्हाई. मानूस बरणी घिऊन लगेच माघारी. मी म्हनायची, अगं, बस म्हनावं, च्या टाक. तर म्हनायची, सरूकाकू, बसायला आलेलं मानूस न्हाई ते, आकड्याला आलंय."

अर्जुनरावांनी काच धडप्यात परत गुंडाळली.

"तुमच्या घरचं बी यायचं," सरूबाई सहज म्हणाली. "विमल आणायची. नातवाच्या येळंपसून."

घरी येऊन त्यांनी विमलबाईंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"मंग कुणाला दाखवू? तुमाला?" त्या म्हणाल्या. "तुमाला समदंच अठ्ठावीस दिसतंय."

एवढ्या वर्षांत घरात त्या गोष्टीचा उच्चार झाला तो हा. विमलबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. अर्जुनरावांनी विचार केला की ही सत्तावीस वर्षं माझ्या ताटात वाढत होती आणि तिला माहीत होतं. मग ते ओट्यावर गेले आणि अपरिहार्य हा शब्द खोडला. त्या जागी जे लिहायचं होतं ते मात्र कागदावर येईना. ते बोलावं लागणार होतं.

शोकसभा तेराव्या दिवशी संस्थेच्या ओसरीवर ठेवली होती. दोन हजार तेराचा फेब्रुवारी, पुन्हा तसंच साल. गुरं छावणीला गेलेली, गावाला पुन्हा टँकर. सभा चारला आणि टँकरही चारच्या सुमाराला, त्यामुळे बाया घागरी घेऊनच सभेला आल्या होत्या. मनकर्णाबाई केजहून एसटीने चौसाळ्यापर्यंत आणि पुढे जीपने आल्या. पांढरी साडी, हातात वही, सत्तावीस वर्षं राखून ठेवलेला एक प्रश्न.

गहिनीनाथने इमारतीच्या नावाचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या, मग शोकसभा आहे हे आठवून थांबल्या. मग अर्जुनराव उठले. खिशातला कागद त्यांनी काढला नाही.

"बाईला नोकरी कावून मिळाली न्हाई, ते केजच्या बाईंनी इचारलंय," ते म्हणाले. "शहाऐंशीला तीन दिवस बाई बीडला गेलती. वहीत अठ्ठावीस लिहिलं ते बाईनं न्हाई. मी लिहिलं. बाईनं सही केली ती संस्था बंद पडू नये म्हून. दाखल्यावर हयगय बी मीच लिहिलं."

त्यांनी वाट पाहिली. सत्तावीस वर्षं ज्याला भ्यायलो ते आता येईल, असं त्यांना वाटलं. कुणी ओरडेल, कुणी उठून जाईल. गहिनीनाथने मान खाली घातली होती. बाकी माणसं तशीच बसून होती, एकदोघं रस्त्याकडे बघत.

शेवटी राधाकिशन बोलले. त्या रांगेत उभे असलेल्यांतले ते एक, अर्जुनरावांच्याच वयाचे.

"आप्पा, ते काय आज कळलं का? बाई आकडं इंग्रजीत लिहायची. त्या तीन दिसाचं समदं मराठीत. आन खाली सहीची तारीख पुन्यांदा इंग्रजीत. शाळंतल्या पोराला बी कळंल."

"तपासनीसाला?"

"त्याला तर आधी कळलं. हसला की त्यो, वही मिटताना. तुमी खाली बघत होते."

अर्जुनराव सगळ्यांकडे वळले. "मंग बोलला कावून न्हाईत? कुणीच?"

"तुमी तरी कुठं बोलले?" राधाकिशन म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडी समजूत होती. "आन आमी बोलावं तर, पानी आमचं बी होतंच की त्याच्यात. तुमी लिहिलं ते आमच्याच भल्यासाठी, असं आमी धरलं. बाईनं बी धरलं आसंल. बसा आता, लई उभं ऱ्हाऊ नका."

तेवढ्यात वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. बाया उठल्या, मग माणसं उठली. घागरींच्या आवाजात सभा संपली. ओसरीवर हाराने अर्धा चेहरा झाकलेला तो फोटो, अर्जुनराव आणि मनकर्णाबाई एवढेच उरले.

मनकर्णाबाईंची वही उघडी होती, पण त्यांनी लिहिलं नव्हतं.

"म्हणजे तिला माहीत होतं, की सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"हां."

"आणि ती इथेच राहिली."

"कुठं जाणार? दाखला हा असला."

मनकर्णाबाईंनी वही मिटली. "मला वाटायचं, नवीन माणसं मिळाली असतील, विसरली असेल. मी रागावले होते तिच्यावर. सहा पत्रांनंतर मी सातवं टाकलं नाही, अर्जुनराव." त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "सातवं टाकायला पाहिजे होतं."

जीपवाला घाई करत होता. जाताना त्या म्हणाल्या, "हे सगळं समिती छापणार नाही. मी एक ओळ तरी घालते."

स्मरणिका उन्हाळ्याच्या शेवटी आली. मनकर्णाबाईंनी सोबत चिठ्ठी घातली होती. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या होत्या: 'पदवी: बीएस्सी, रसायनशास्त्र. डिग्री: अठ्ठावीस.' मुद्रितं तपासणाऱ्याने एकच गोष्ट दोनदा आली म्हणून दुसरी ओळ काढून टाकली. समितीने जुळवलेल्या उरलेल्या मजकुरात सत्यभामाबाई मनमिळाऊ आणि कष्टाळू होत्या. खाली अर्जुनरावांचं नाव, हुद्दा आणि फोटो. फोटो चांगला आला होता.

त्या सकाळी विमलबाईंनी नातवाच्या लेकीसाठी आणलेलं दूध सवयीने बरणीत ओतलं, पदराखाली घेतलं आणि दारात जाऊन थबकल्या. अर्जुनरावांनी बरणी त्यांच्या हातून घेतली. बाईंची काच सरूबाईने त्यांच्याकडे दिली होती. ते मागल्या वाटेने बाईंच्या परसात गेले, पायरीवर बसले आणि काच दुधात सोडली. ती डुचमळली आणि सव्वीसवर थांबली. त्यांनी पुन्हा बघितलं. सव्वीस. हे कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी मान वर केली. आतून कुणी विचारलं नाही आणि बाहेरून कुणी येत नव्हतं. सत्तावीस वर्षं त्यांना वाटत होतं, बाईला आपण काय सांगणार. या पायरीवर येऊन नुसतं बसायलाही चाललं असतं, हे आज कळत होतं.

जोखलं होतं तसं सगळं मिळालं होतं. गहिनीनाथच्या इमारतीचा पाया खणला जात होता. पान छापून आलं होतं. तिसरी गोष्ट तर गावाने कधीच माफ करून टाकली होती, न विचारता, स्वतःच्या माफीसकट. संघाला सही मिळाली होती, साठ घरांना संस्था. पाणी साठ घरांनी घातलं होतं. भरून दिलं ते एका घराने, आणि त्या घराच्या दोन्ही दारांना आता कुलूप होतं.